लाल तिकोनाच्या भिंती

सोमवार, ६ सप्टेंबर १९७६. गारखेडा.

कचेरीचा हुकूम आज हातात पडला. कन्नड तालुक्यात चौदा भिंती, कुटुंब नियोजनाच्या. मधे लाल तिकोन, टोक खाली. वर चार चेहरे: बाप, आई, मुलगा, मुलगी. खाली दोन ओळी. नमुना म्हणून वहीच्या पानाएवढा छापील कागद दिलाय. त्यात मुलाचा डावा डोळा उजव्यापेक्षा खाली उतरलाय. छापणाऱ्यानं पाहिलं नाही, साहेबांनीही पाहिलं नाही. मी बोट ठेवून दाखवलं तेव्हा साहेब हसले. "कारभारी, डोळे तू सरळ कर. भिंत झाली की एक कार्ड टाकत जा. गाव, तारीख, भिंत झाली. बस्स." काम मनासारखं उतरलं तर माझीच भिंत नमुना म्हणून मराठवाडाभर जाईल, असंही म्हणाले. फोटोग्राफर पाठवणार आहेत.

दुपारी अंगणात जुन्या फळीवर चार चेहरे काढून पाहिले. सुगंधा भाकरी थापता थापता उठून आली, हात पिठाचेच. लांबून बघत राहिली.

"बन्सीचं कपाळ लई मोठं केलं तुम्ही."

"कोण बन्सी?"

"ह्यो. आन् ही साळू."

मी म्हटलं, चित्राला नाव नसतं, माप असतं. ती गेली. कपाळ खरोखर अर्ध्या बोटानं जास्त होतं. कमी केलं.

आम्हाला मूल नाही. दोनदा दिवस गेले, मूल राहिलं नाही, त्यालाही बरीच वर्षं झाली. त्याची चर्चा घरात होत नाही. सुगंधा छत्तिसाची आहे, अजून दर शुक्रवारी पीराला दोरा बांधते. मी अडवत नाही, सोबत जातही नाही.

बुधवार, ८ सप्टेंबर. घाटाखालचं गाव.

पहिली भिंत. साडेदहा फूट बाय सात. चुन्याचे दोन हात, मग निळीत भिजवलेली सुतळी ताणून चौकटी. तिकोनाच्या तिन्ही बाजू दोरीनं मोजून सारख्या केल्या. दुसरे पेंटर नजरेनं मारतात आणि मग तो तिकोन समोशासारखा दिसतो.

संध्याकाळी कार्ड लिहिलं. नुसतं 'भिंत झाली' लिहायला मला लाज वाटते. १९७० साली सोयगावकडं एका विडीच्या भिंती केल्या होत्या. दोन महिने घरी फिरकलो नव्हतो. त्या वर्षी अक्षर माझ्या हातातून जसं उतरलं, तसं पुन्हा उतरलं नाही. विडीवाल्यांचा माणूस रोज विचारायचा, ही भिंत कोण बघतं? किती जण? कुठल्या वयाचे? आधी मला राग यायचा, मग कळलं. भिंतीवरची ओळ गुराखी पोरं म्हणायला लागली, लग्नात बायका उखाण्यात घ्यायला लागल्या. भिंत कुणाच्या दारासमोर उभी आहे हे ठाऊक असलं म्हणजेच असं होतं.

म्हणून लिहिलं: "भिंत झाली. उंबऱ्याजवळ लिंबाचं झाड. घरात पुरुष दोन. थोरला वय ३१, मुलं तीन. धाकटा वय २४, मूल एक. समोरून पाणवठ्याची वाट." आजूबाजूच्या चार घरांचंही तसंच लिहिलं. कार्डावर जागा उरली नाही. बारीक अक्षर हा माझा हातखंडा आहे.

शनिवार, ११ सप्टेंबर. औरंगाबाद.

रंग न्यायला आलो होतो, कचेरीत डोकावलो. साहेबांनी खुर्ची दिली. दिली म्हणजे, हातानं पुढं सरकवली. आजवर तिथं कुणी मला बसा म्हटलं नव्हतं. "तुझं कार्ड म्हणजे खानेसुमारी आहे रे! आमच्या पगारी माणसांना हे जमत नाही. प्रत्येक गावाचं असंच लिहीत जा." कारकून बद्रीनाथ कागदातून मान वर न करता म्हणाला, "शिकला कुठं एवढं?" मी म्हटलं, "साबणाच्या कागदावरून." तो थट्टा समजला. मी खरं सांगितलं होतं.

मंगळवार, १४ सप्टेंबर. नदीकाठचं गाव.

चार भिंती झाल्या. लोक विचित्र वागतात. मी सायकलवरून डबे उतरवले की गडीमाणसं नाहीशी होतात. मूगकाढणी चालू आहे, शेतावर जात असतील. पण पाणी मागितलं तर दार लोटून घेतात, हे मूगकाढणीत बसत नाही.

पोरं मात्र मला ओळखायला लागली. "तिकोन्या आला रे!" ओरडतात आणि उधळतात. एका घरात रडणाऱ्या लेकराला आई म्हणत होती, "गप, न्हाय तर तिकोन्या यील." चावडीपाशी सहा पोरांच्या बापाला एक म्हातारा चिडवत होता, "काय रं, तुझं समदं बिऱ्हाड मावंल का त्या भितीवर? का कन्नडपस्तोर भीत बांधावी?" सगळे हसले. मी दिसल्यावर हसणं बंद झालं.

विडीची ओळ लोकांच्या तोंडी बसायला वर्ष लागलं होतं. ह्या चित्राला सहा दिवस लागले. एवढी चाललेली जाहिरात मी पाहिलेली नाही.

शुक्रवार, १७ सप्टेंबर. पिशोर.

एस.टी.तल्या कंडक्टरनं सांगितलं, घाटाखालच्या माझ्या पहिल्या भिंतीवर कुणीतरी शेण फासलंय. चारही चेहऱ्यांवर. एक ओळ दोनदा पुसावी लागली.

आजची तारीख मी विसरत नाही. निजामावर पोलिस ॲक्शन झाली तेव्हा मी सोळाचा होतो. मेंढरं सोडून शहरात आलो होतो, एका पेंटरच्या हाताखाली उर्दू पाट्या रंगवत होतो. वर्षभरात पाट्या बदलायला लागल्या आणि उस्तादाला मराठी अक्षर येईना. मलाही येत नव्हतं. मी साबणाचे कागद, काडेपेट्या, औषधाच्या बाटल्या गोळा केल्या आणि एकेक अक्षर गिरवलं. शाळेचं तोंड पाहिलं नाही. तरी शहरातल्या अर्ध्या बाजारपेठेची नावं माझ्या हातची आहेत. त्या हातावर शेण!

मंगळवारी जाऊन भिंत दुरुस्त करणार. कुणी केलं तेही विचारणार.

रविवार, १९ सप्टेंबर. बानाची वस्ती.

पिशोरपासून दीड कोसावर सर्वांत धाकट्या बहिणीची, बानाबाईची वस्ती. अकरावी भिंत तिच्याच घराची घेतली. तिचा नवरा मल्हारराव मेंढरं घेऊन निघाला होता, मला बघून थांबला.

"या पाव्हणं. आमच्या घराचं त्वांड रंगवायला आलाव व्हय?"

"तोंड नाही, पाठ. रस्त्याकडची भिंत."

"मंग ठीक. पाठीवर लई लोकांनी लई कायबाय लिव्हलंय." आणि स्वतःच मोठ्यानं हसला. हा माणूस मेंढरांशीही थट्टा करतो.

बाना लेकराला कमरेवर घेऊन दिवसभर माझ्यामागं फिरत होती. भागू आठ महिन्यांची आहे. तिनं लाल डब्यात मूठ घातली. मी ओरडलो तर बाना म्हणाली, "आसूं दे दादा, मामाच्या हाताचा रंग हाय." मग हळूच विचारलं, "दादा, लोक काय काय बोलत्यात तुझ्या ह्या चित्राचं. खरं हाय का?" मी म्हटलं, लोकांना चित्र कळत नाही.

आजवरची सर्वांत चांगली भिंत. मुलाचे डोळे एका ओळीत, मुलीच्या गालावर उजेड. हीच नमुन्याला पाठवायला सांगेन. कार्ड: "भिंत झाली. मालक मल्हारराव, वय २७, लग्नाला तीन वर्षं, मुलगी एक, वय आठ महिने. रोज सूर्य उगवताना मेंढरं घेऊन ओढ्याकडं जातो, मावळताना येतो." येण्याजाण्याची वेळ लिहिली, कारण भिंतीवर ऊन कधी असतं आणि मालक ती कधी बघतो ह्याचा मेळ मला बसवायचा होता. उद्या सकाळी पिशोरच्या पेटीत टाकतो.

मंगळवार, २१ सप्टेंबर. घाटाखालचं गाव.

हे शांतपणे लिहायचं आहे.

शेण पुसायला बादली आणली. लिंबाखाली म्हातारी बसली होती. सरूबाई, त्या घराची मालकीण. भिंत रंगवताना तिनंच मला घरातली माणसं मोजून सांगितली होती आणि ताक दिलं होतं. आज उठली नाही.

"शेण कुणी लावलं?"

"म्या."

"का?"

"तू गेलास आन् तिसऱ्या दिवशी जीप आली. कागद वाचत आली. 'लिंबाचं झाड कुठंय?' म्हून इचारलं. 'धाकटा, वय चोवीस, मूल एक.' थोरला निसटला, माझा धाकटा जवारीत दडला, तर दोघं आत शिरलं. वढून काढला, जीपमधी घातला. दोन दिसानं नस कापून आणून सोडला. हातात सरकारी तुपाचा डबा. तवापसून बोलत न्हाय. त्याची बायको तुपाला हात लावीना." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "त्येंला काय ठाव, माझ्या दारात लिंब हाय?"

मी म्हटलं, गावोगाव लिंब असतो.

"व्हय," ती म्हणाली. "पर वय?"

भिंत पुसली नाही. बादली तिथंच राहिली.

दुसरा कुणी तसं लिहीत असेल. तलाठी असेल. साहेबांची इतर माणसंही असतील.

नाही. 'उंबऱ्याजवळ लिंबाचं झाड' हे शब्द माझे आहेत.

काल पिशोरला बानाच्या वस्तीचं कार्ड टाकलं. काल सोमवार.

बुधवार, २२ सप्टेंबर. औरंगाबाद.

पहिल्या एस.टी.नं आलो. साहेबांच्या टेबलावर माझी कार्डं सुतळीनं बांधलेली, तारीखवार, अकरा. मुलांच्या आकड्याखाली लाल पेन्सिलीची रेघ, जिथं 'मूल एक' तिथंही. वरचं कार्ड बानाच्या वस्तीचं. त्यावर रेघ तीन ठिकाणी: वय, मुलगी, आणि मेंढरं घेऊन यायची वेळ.

"ये कारभारी. फोटोग्राफर पुढच्या आठवड्यात."

"साहेब, हे कार्ड परत द्या."

"का?"

"तो माझ्या बहिणीचा नवरा आहे."

"मग तर समजावणं सोपं."

"एकच मुलगी आहे त्यांना. आठ महिन्यांची."

"वाचलंय. तूच लिहिलंस."

मी म्हटलं, मी भिंत कोण बघतं ते लिहिलं होतं. माणसं उचलायला नाही. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. कपाळ चोळत म्हणाले, "हे बघ, महिना सरायला आठ दिवस. मी आकड्यात मागं आहे. वरून रोज फोन येतो. माझीही दोन लेकरं आहेत, माझी बदली कुठं होईल ठाऊक नाही. उद्या दहाला जीप पिशोरला निघते. ह्या कार्डाच्या नावावर मला एक आकडा पाहिजे."

"दुसरा कुणी चालेल?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "कुणाचा, ते मी विचारणार नाही. दहाच्या आत."

बाहेर येऊन स्टँडवर बसलो. पिशोरची गाडी उभी होती. जाऊन मल्हाररावांना सांगावं, पळा. पण मेंढरं घेऊन माणूस किती पळणार? सरूबाईचा पोरगा ज्वारीत सापडला, हे तर उघड्या माळावर राहतात. आज चुकले तर परवा धरतील. आणि त्यांची येण्याची वेळ मीच लिहून दिली आहे. गाडी गेली. मी बसून राहिलो.

घरी आलो. सुगंधानं विचारलं, "बाना बरी हाय ना? भागू बसाया लागली का?" लागली म्हटलं. घट बसवायचे म्हणून ती परडीत माती चाळत होती. तिच्याशी बोलावं असं तीनदा मनात आलं. उठून ब्रश धुवायला घेतले.

गुरुवार, २३ सप्टेंबर. दवाखान्यातून.

साडेनऊला कचेरीत गेलो. म्हटलं, "माझं नाव लिहा."

साहेबांनी चष्मा काढला. "तुला मुलं किती?"

"नाहीत."

"मग कागद बसत नाही. दोन तरी लागतात; एक असलं की दुसरं आम्ही लिहितो." घड्याळाकडं पाहिलं. "बद्रीनाथ, ह्यांचा फॉर्म भर. मुलं दोन."

उभ्या आयुष्यात मी खोटं माप लिहू दिलं नाही. आज गप्प उभा राहिलो.

बद्रीनाथनं दौतीत टाक बुडवला. "नाव?" सांगितलं. "वय?" चव्वेचाळीस. "मुलांची नावं?"

मला वाटलं नव्हतं, नावं लागतील. तो टाक धरून थांबला. शाईचा थेंब पडेल म्हणून मी घाईनं बोललो. "बन्सी. साळू."

"वयं?"

चित्रातला मुलगा किती वर्षांचा, हे मी कधी ठरवलं नव्हतं. डोक्याच्या मापावरून आठ वाटतो. मुलगी पाच. तसं सांगितलं.

"मुलगा मुलगी, दोन्ही आहेत. नशीबवान आहात," बद्रीनाथ म्हणाला, आणि टिपकागद फिरवला.

साहेबांनी गठ्ठ्यातून बानाचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "बाकीची दहा?" ते म्हणाले, "एकाला एक." दहाला जीप निघाली, पिशोरकडं नाही, दुसऱ्या रस्त्यानं. त्या रस्त्यावरही माझ्या दोन भिंती आहेत.

खाट खिडकीपाशी मिळाली. समोरच्या भिंतीवर दुसऱ्या कुणाचा तिकोन आहे. डावी बाजू दोन बोटं कमी. डॉक्टर येईपर्यंत तेवढंच बघत होतो.

शुक्रवार, २४ सप्टेंबर. गारखेडा.

पिशोरहून येणाऱ्या दूधवाल्याबरोबर मल्हाररावांचा निरोप: "पाव्हण्याला म्हणावं, तुमचा तिकोन खोटा. चार दिस झालं, जीप आलीच न्हाय. समदी वस्ती वाट बघून कंटाळली." त्याच्या जोडीला भागूसाठी लाल रंगाची छोटी डबी मागितली आहे.

डबी तेवढी पाठवली.

सुगंधा पीराला निघाली होती. मी म्हटलं, आज जाऊ नको. "काहून?" ऊन आहे म्हटलं. ती गेलीच.

रविवार, २६ सप्टेंबर. गारखेडा.

सांगितलं. टाळता येईना. चालण्यावरून तिला संशय आलाच होता.

सरूबाईपासून सुरुवात केली, कार्डांवर आलो, मग बाना, मग दवाखाना. सुगंधा हातातलं काम सोडून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बानाचा संसार राह्यला, ते चांगलं झालं. तुम्ही नसता दिलं तर मी त्वांड बघितलं नसतं तुमचं." मग आवाज बदलला. "पर मला इचारलं न्हाय. त्यात माझं काय नव्हतं व्हय? शुक्रवारी मी दोरा बांधाया गेले, आन् तुम्ही ऊन हाय म्हणलात."

मी घटाच्या परडीकडं बघत राहिलो.

"कागद दिला आसंल ना कसला?"

दिला होता. खिशातून काढला. तिला वाचता येत नाही.

"वाचा. एक शब्द गाळू नका."

वाचलं. कचेरी, तारीख, माझं नाव, वय. मुले दोन. तिथं थांबलो. ती कागदाकडं बघत होती, म्हणून पुढं वाचावं लागलं. "बन्सी, वय आठ. साळू, वय पाच."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मला वाटलं, आता रडेल, नाही तर कागद फाडेल.

"बन्सीचं बरोबर हाय," ती म्हणाली. "साळू सहाची. चुकीचं लिव्हलं तुम्ही."

आणि उठून घटाला पाणी घालायला गेली.

मी पत्र्याच्या पेटीतून १९७० ची वही काढली. पान सापडलं. माझंच अक्षर, फार सुंदर: "१२ ऑगस्ट. सोयगाव. घरून निरोप, बायको आजारी आहे, या. भिंती तीन बाकी. झाल्यावर येतो असं कळवलं. आज 'ळ' मनासारखा उतरला."

ती दुसरी वेळ होती. वहीत तेही लिहिलेलं नाही.

१२ ऑगस्ट १९७० पासून आजपर्यंत सहा वर्षं, दीड महिना. तिचं बरोबर आहे. कचेरीतल्या कागदावर खाडाखोड चालत नाही, म्हणून दुरुस्ती इथं करून ठेवतो.

साळू, वय सहा.